एकदांडीच्या मागं

डोळ्यांत थेंब टाकून नासिर डॉक्टरांनी मला बाहेरच्या बाकावर आणून बसवलं आणि म्हणाले, "आता इथंच बसा बाई. बाहुल्या मोठ्या व्हायला टाइम लागते. सगळं धुरकट दिसेल, घाबरायचं नाही." घाबरते कशाला! ज्या बाईनं नवऱ्याच्या फुलांपायी माळावर खुंटासारखं उभं राहण्यात उमर घातली, तिला बाकावर बसायची कसली आली शिक्षा? माझी धाकटी बहीण पार्बता मला दवाखान्यात सोडून भाजी घ्यायला गेली होती. तिच्याकडंच मी उतरले होते. डोकं दुखतं, सुईत दोरा जात नाही, शाळेत मुलींच्या वह्या तपासताना अक्षरं एकमेकांच्या अंगावर चढतात, म्हणून अमरावतीहून मुद्दाम अकोल्याला आले, कारण नासिर डॉक्टर आमच्या घरच्यांचे जुने दोस्त. समोरच्या भिंतीवर काळ्या चौकटीत एक मोठा फोटो टांगलेला होता. आत येतानाच मी तो पाहिला होता आणि तोंड फिरवलं होतं. एकदांडीचं फूल. माळावर, रुळाच्या कडेला, उकिरड्याच्या बाजूला, कुठंही उगवतं ते. वीतभर दांडी आणि तिच्या टोकाला करंगळीच्या नखाएवढं फूल. फोटोत मात्र परातीएवढं. पाकळीच्या मधल्या दातावर बसलेला परागाचा कण चिमटीत धरावा इतका साफ, आणि त्याच्या मागची पाकळी लगेच धूर. फोटो आमच्याच घरचा. अमरावतीला राजापेठेत ज्यांचा फोटोचा स्टुडिओ आहे, त्या शेषरावांनी काढलेला. शेषराव म्हणजे माझे मालक. घेतलं मी नाव. नाव घेतल्यानं नवऱ्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. तसं असतं तर आतापर्यंत... जाऊ द्या.

दुकानात हे लग्नाचे जोडे काढत, मॅट्रिकला बसलेली पोरं काढत, मांडीवर बाळ घेतलेल्या आज्या काढत, पण जीव त्यात नव्हता. रविवार उजाडला की मोठा लाकडी कॅमेरा, तिकाटणं, काळं कापड आणि मी, अशी वरात वडाळीच्या तलावाकडच्या माळावर निघायची. लोक तलाव पाहायला येत, आम्ही गवत पाहायला. हे जमिनीवर पालथे पडत, कॅमेऱ्याचा भाता लांबच लांब ओढत, भिंगाचं तोंड पुरतं उघडत आणि काळ्या कापडात डोकं घालून मागच्या दुधी काचेवर ते फूल हुडकत. तोंड पुरतं उघडलं की एक केसभर जागा तेवढी साफ येते, तिच्या अलीकडची आणि पलीकडची सगळी दुनिया विरघळून जाते. हे त्यांनी मला पहिल्यांदा दाखवलं तेव्हा मी नवी नवरी होते आणि मला ते फार सुंदर वाटलं होतं. खोटं कशाला बोलू. "जे पायजे थेच दिसलं पायजे, भागीरथा," कापडातून आवाज यायचा, "बाकीचं दिसूच नाई." मग वारा. एकदांडीला मुंगीच्या श्वासानंही हलायला होतं. आणि मग ती आरोळी, "पदर धर!" मी वाऱ्याच्या बाजूला उभी राहून दोन्ही हातांनी पदर डोक्याच्या वर ताणून धरायची, पडद्यासारखा. पदराच्या आडून मला काहीच दिसत नसे. निळं लुगडं असलं तर निळं, हिरवं असलं तर हिरवं. खांदे भरून यायचे, नाकाला खाज सुटायची, आणि फूल काही थांबायचं नाही. लोक विचारायचे, फोटोग्राफराची बायको, तुमचे किती फोटो असतील हो बाई! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

बाकावर बसल्या बसल्या आधी हातावरच्या रेषा गेल्या. बांगड्यांचं एकच कडं झालं. मग मी सहज वर पाहिलं तर फूल गेलेलं. म्हणजे चौकट होती, फोटो होता, पण ते दात, तो कण, दांडीवरची लव, सगळं मिसळून एक करडं झालं. आणि फुलाच्या मागं, डाव्या अंगाला, मघाशी जो नुसता पांढुरका धब्बा होता, त्याच्यात कोणीतरी बसलेलं होतं. मांडी घालून. मान खाली. एक हात तोंडाशी. मी उठले आणि भिंतीला धरत जवळ गेले. डोक्याचं गोल, त्यावर आवळून बांधलेली झुट्टी, फ्रॉकचा एक खांदा खाली उतरलेला. तो खांदा नेहमी उतरायचा, कारण फ्रॉक दुसऱ्याच्या पोरीचा होता. "अगं माय," माझ्या तोंडून निघालं, "कचरे!" बाकावरची एक म्हातारी म्हणाली, "काय झालं वं बाई?" काय सांगू तिला?

कचरी माझी मुलगी. कचराबाई. तिच्या आधीचे दोघं पाळण्यातच गेले, म्हणून ही जन्मली त्या दिवशी माझ्या सासूनं, सुंदराबाईनं, तिला सुपात घालून उकिरड्यावर नेऊन ठेवलं आणि शेजारच्या मैनाबाईनं तिथून उचलून पसाभर कोंड्यावर ती आम्हाला विकली. म्हणजे पोर आमची नाही, कचऱ्यातली. हिच्यावर कोणाचा डोळा जायचं कारण नाही. नवं कापड अंगाला लावायचं नाही, पाच घरचं मागून आणायचं. गालावर काजळाचा हा एवढा फरकाटा. आणि पाच वर्षं भरेपर्यंत फोटो काढायचा नाही, कारण फोटो म्हणजे नजरच, आणि तीही भिंगातून. "गावच्या लेकरायचे काढ," सासू यांना म्हणायची, "हिच्याकडे थो डबा फिरवला तं माया मढ्यावरून जाशीन." हे हसायचे, "म्या नाई मानत माय," म्हणायचे, आणि मानायचे. मी तर मानतच होते. दोन पुरलेल्या बाईनं काय मानू नये? पाचवं सरलं की पहिला फोटो काढायचा, हे माझं ठरलेलं होतं. कोरा फ्रॉक, गुलाबी. कापडसुद्धा मी दुकानात हेरून ठेवलं होतं. स्टुडिओतल्या त्या रंगवलेल्या पडद्यासमोर, त्या खोट्या कठड्याला टेकून, लोकांच्या पोरी उभ्या राहतात तशी ती उभी राहील आणि हे कापडात डोकं घालून म्हणतील, इकडं पाय, चिमणी उडते. पाचवं सरलंच नाही. घटसर्प झाला. फेब्रुवारीतली गोष्ट, ऊन नुकतं तापायला लागलेलं. गावात कोणाचं मूल गेलं की लोक यांना बोलावत, उशी लावून बसवलेल्या, कुंकू लावलेल्या कितीतरी लेकरांचे शेवटचे फोटो यांनी काढलेत. म्हणून मैनाबाई म्हणाली, "शेषराव, आता कायची नजर? एक फोटू तरी घ्या पोरीचा." हे दारात गेले, आभाळाकडं पाहिलं आणि म्हणाले, "उजेड गेला." दिवस मावळायचा होता अजून. माझ्या अंगणात उजेड होता. मला तिच्या पापण्या दिसत होत्या, तर यांच्या भिंगाला का दिसू नयेत? पण मी बोलले नाही, आणि लोक तिला घेऊन गेले.

आधी आधी चेहरा हुकमी यायचा. डोळे मिटले की हजर. मग एकेक जायला लागलं. पहिल्यांदा आवाज गेला, मग हसली की गालाला काय व्हायचं ते गेलं. आता वर्गात तिच्या वयाच्या पोरी पाहिल्या की त्यांचीच नाकं तिला लावून बघते आणि एकही बसत नाही. आईला पोटच्या पोरीचं नाक आठवू नये? पाय आठवतात, रोज धूत होते म्हणून. पण नुसत्या पायांना हाक कशी मारायची? हे मी कोणाला सांगितलेलं नाही. पार्बताला सांगितलं असतं तर म्हणाली असती, देव विसर पाडतो ते बरंच असतं. बरं असतं, डोंबल! माझ्याजवळ तिचं काही नाही, फ्रॉकसुद्धा ज्याचे त्यानं परत नेले, आणि आता डोक्यातलंही जात होतं. आणि ती इथं बसलेली, अकोल्यात, परक्याच्या भिंतीवर, इतकी वर्षं.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा मी अजून फोटोला नाक लावून उभी. "अहो, आता नका पाहू, डोळ्याले ताण होते," ते म्हणाले, मग हसून म्हणाले, "शेषराव भाईंची पहिली कॉपी आहे ती. माझा दवाखाना खुलला तेव्हा दिलेली. यालेच नागपूरला इनाम मिळालं ना पुढं?" मी हो म्हटलं. इनामाचा फोटो आमच्या स्टुडिओत टांगलेला आहे, रोज डोळ्यांपुढं असतो. त्याच्यात फुलाच्या मागं काही नाही. एकसारखं करडं, पुसलेल्या पाटीसारखं.

परतीच्या मोटारीत मूर्तिजापूर आलं, बडनेरा आलं, मला काही कळलं नाही. मी तो माळ उकरत होते. तो दिवस हिवाळ्यातला असणार, कारण पदर धरलेल्या हातांना थंडी वाजत होती. कचरी बरोबर होती. एरवी ती माळावर जराही गप्प बसायची नाही. दगड उचल, टोळाच्या मागं धाव, माझ्या पदराखालून डोकं काढ आणि यांच्या शिव्या खा. त्या दिवशी मात्र बराच वेळ तिचा आवाज नव्हता. मला आठवतं, पदरामागं उभ्या उभ्या मी एकदा विचारलंही होतं, "पोरगी कोठी आहे वो?" आणि कापडातून उत्तर आलं होतं, "आहे, आहे. तू हालू नको." मी हलले नाही. हीच तर माझी हुशारी.

घरी न जाता थेट स्टुडिओत गेले. हे टेबलाशी वाकून कोणाच्या तरी लग्नाच्या फोटोवर बारीक कुंचल्यानं नवरीच्या गालावरचे देवीचे वण बुजवत होते. मी पिशवी खाली ठेवली आणि म्हटलं, "अकोल्याच्या फोटोत माघं कचरी बसून आहे."

कुंचला थांबला. "कोन बोल्लं?"

"कोनी कायले बोलते? मले दिसली."

"धब्बा आहे थो."

"मंग या फोटोत कावून नाई?" मी भिंतीवरच्या इनामाच्या फोटोकडं बोट केलं. "निगेटिव्हची काच काढा त्याची. मले पाहू द्या."

त्यांनी पुष्कळ आढेवेढे घेतले. काच कुठं आहे आठवत नाही म्हणाले. आणि आपल्या एकूणएक फुलाची काच कुठल्या खणात आहे हे ज्याला झोपेत विचारलं तरी सांगता येतं तो हा माणूस. शेवटी काढली. मी ती दाराच्या उजेडात धरली. निगेटिव्हच्या काचेवर सगळं उलटं असतं, पांढरं ते काळं. कचरीचा फिका फ्रॉक तिथं काळा उतरलेला असायला हवा होता. काळं काही नव्हतं. तेवढीच जागा पात्यानं खरवडून खरवडून पातळ केली होती, करपलेल्या पातेल्याचं बूड घासावं तशी. "परीक्षक बोल्ले होते," हे माझ्याकडं न पाहता म्हणाले, "माघं साफ पायजे. नजर फुलावरून सरकते म्हने."

"कवा खरवडलं?"

ते कुंचला फडक्याला पुसायला लागले.

"जित्ती होती तवा का मेल्यावर?"

"मेल्यावर," ते म्हणाले. "त्या दिवाळीले."

"मंग तुमाले ठाऊक होतं थे कोन आहे."

त्यांनी माझ्या हातातून काच हळूच काढून घेतली आणि म्हणाले, "ठेव. फुटन."

फुटन! मला ती फोडावीशी वाटली, खरंच वाटली, त्यांच्या त्या टेबलावर आपटून. पण फोडून काय, तिच्यात आता फूलच तर होतं. दिवाळीच्या दिवसांत, मी घरात फराळाचं काही न करता आडवी पडले होते तेव्हा, हा माणूस इथं खिडकीशी बसून पातं धरून आपल्या पोरीला हळूहळू खरवडत होता, आणि हात थरथरला नव्हता, कारण फुलाच्या पाकळीला कुठं ओरखडा नाही. हे मला रागापेक्षा जास्त झालं. राग असता तर ओरडले असते. त्या दिवसापासून आमच्यात बोलणं उरलं ते भाजी, दूध आणि किल्लीपुरतं.

पण मला ती परत पाहायची होती, आणि यांनाही दाखवायची होती. धब्बा म्हणाले होते ना? यांच्या तोंडून मला ऐकायचं होतं की ती आहे. कचरीसाठी हे अकोल्याला आले नसते, हे मला पक्कं ठाऊक. आले ते दुसऱ्याच कारणानं. वर्षभरापासून यांची फुलं मऊ येत होती. दुधी काचेवर तो एक केस यांना सापडत नव्हता. भाता पुढं, भाता मागं, आणि धुतल्यावर पाहावं तर सगळंच धूर. "वारा होता," म्हणायचे. वारा नव्हता, मी पदर धरून उभी असायची, मला कळत नाही का? हो, तेव्हाही धरत होते. सवय कुठं सुटते. मी एक दिवस भाकरी वाढताना नुसतं म्हटलं, "डोये दाखवा नासिर डॉक्टरले. नाई तं बसान लग्नंच काढत." दुसऱ्याच दिवशी बॅग भरून तयार.

दवाखान्यात माझा चष्मा तोवर तयार होता. तो लावून मी आधी फोटोसमोर गेले. फूल इतकं साफ की अंगावर आलं, आणि मागं धब्बा. चष्मा काढला, डोळे बारीक केले, मागं सरकले, पुढं आले. धब्बाच. म्हणजे हे म्हणाले तेच खरं, की काय? माझा प्रकार पाहून डॉक्टरांना काय वाटलं कोण जाणे. शहाणा माणूस, विचारलं काही नाही. "बाई, तुमचंच आहे ते, काढून देऊ का?" एवढंच म्हणाले.

"फोटो राहू द्या डॉक्टरसाहेब," मी म्हटलं. "याहिच्या डोळ्यात थेंब टाकसान, तवा माह्या बी टाका."

"तुम्हाले आता काय गरज?"

"टाका म्हणते ना."

ते माझ्याकडं पाहत राहिले आणि टाकले. "पाणी येईल थोडं दोघांच्याही डोळ्याले," म्हणाले, "चोळायचं नाही." आम्ही दोघं त्या बाकावर बसलो, शेजारी शेजारी, लग्नाच्या फोटोतल्या जोड्यासारखे. बाहेर टांगेवाल्याचं कोणाशी तरी भांडण चाललं होतं. हे तळहात डोळ्यांपुढं धरून पाहत होते, पुन्हा पुन्हा, आणि रेषा जायला लागल्या तसे हात मांडीवर घासायला लागले. मी त्यांना दंडाला धरून उठवलं आणि फोटोसमोर नेऊन उभं केलं.

"फूल गेलं," ते म्हणाले. आवाज पार उतरलेला, लेकरासारखा. "भागीरथा, फूल नाई दिसून राह्यलं मले."

"जाऊ द्या. माघं पाहा."

मला ती दिसत होती. मान खाली, हात तोंडाशी, उतरलेला खांदा. नाक दिसत नव्हतं. नाक त्या फोटोत नव्हतंच कधी, हे मला तेव्हा कळलं, पण ती होती. यांचा श्वास मला ऐकू येत होता. मग म्हणाले, "बोरं खाऊन राह्यली."

हात तोंडाशी एवढंच तर दिसत होतं. "बोरं? तुमाले कसं ठाऊक?"

"म्याच देल्ली होती. ओंजयभर. उगी बसाव म्हून." ते फोटोशीच बोलत होते. "दांडी दिसत नव्हती. माघं सारं गवत, दांडी त्याच्यात बुडून जाये. फिकं कायी पायजे होतं माघं. तिचा फ्रॉक फिका होता. म्हटलं, बस तठी, बोरं खा, हालू नको. नाई हालली."

नाही हलली. आईवर गेली होती. मी पदर धरून उभी, ती फ्रॉक धरून बसलेली, आणि मध्ये यांची ती एकदांडी. एका बाजूनं मी वारा अडवत होते आणि दुसऱ्या बाजूनं ती गवत झाकत होती, आणि दोघींनाही एकमेकींचा पत्ता नव्हता. आणि तरी मनात एक कीड वळवळलीच. सासूनं मना केलं होतं. समोरून तिचा फोटो काढता येत नव्हता. मग फुलाच्या आडून, कोणाला ओळखू येणार नाही असा, नजर लागणार नाही इतका पुसट, या माणसानं चोरून तिचाच तर काढून ठेवला नसेल? आणि ती गेल्यावर तेच रोज काचेवर दिसायला लागलं म्हणून खरवडलं असेल... तसं असेल तर मी काय करू? इतक्या दिवसांचा राग कुठं ठेवू?

"खरं सांगा," मी म्हटलं. "कचरीची आन आहे. त्या दिवशी फोटू तिचा काढला होता, का फुलाचा?"

टांगेवाला गेला. आतून डॉक्टरांनी कोणाला तरी अक्षरं वाचायला सांगितली. यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, दोन्ही गालांवरून, मिशीत. थेंबांनी पाणी येतं, डॉक्टर म्हणालेच होते. माझ्याही येत होतं. हे चाचपडत माझ्याकडं वळले आणि हवेत हात पसरून म्हणाले, "पदर दे वं जरासा."

मी पदर दोन्ही हातांनी आवळून घेतला आणि भिंतीकडं पाहत राहिले. थेंबांचा असर उतरेपर्यंतच कचरी दिसणार होती, आणि त्यातला वेळ मला कोणाला द्यायचा नव्हता.